विहिणीच्या आधी थंडी नाही

"एसी बंद कर," नानाजी म्हणाले. "पाव्हण्याच्या आधी आपण जेवतो का? मंग इहीनबाईच्या आधी आपण थंडी काऊन खायची?"

चंद्रपुरातलं नानाजींचं ते नऊमजली नवं हॉटेल प्रफुलनं सकाळपासून गारेगार करून ठेवलं होतं. एसी बसवणारा इंजिनियर म्हणून त्याचं हे पहिलंच स्वतंत्र काम. उद्घाटन नानाजींच्या लेकीची सासू, सत्यशीलाबाई करणार होत्या, आणि त्यांची जीप सिरोंच्याहून यायची होती.

यंत्र बंद झालं की पाइपांतलं थंड पाणी तापतं आणि फुगतं. तो फुगवटा पोटात घ्यायला गच्चीवर एक्स्पान्शन टँक असतो. त्याचं माप काढताना प्रफुलनं उन्हाळा अडतीस अंशांचा धरला होता. का? तर सत्तेचाळीस म्हटल्यावर पुण्याचा सल्लागार हसला, "थापा मारता राव!" दर मे महिन्यात टाळू भाजून घेतलेला हा गडी, आणि लाजला! आपल्या डोक्यावरचं ऊनही आम्हाला पुण्याची सही असल्याशिवाय खरं वाटत नाही. जळो ती अक्कल.

"नानाजी, पाणी फुगन ना. टाकी जराशी लहान हाय."

"किती लहान?"

"पुण्यापुरती हाय."

"मंग काय झालं? पुण्याचा माल चांगला रायते."

यंत्र बंद झालं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे जीप दारात लागली. सत्यशीलाबाई पायरीवर उभ्या राहिल्या, नानाजींच्या बायकोनं ओवाळायला ताट उचललं, आणि गच्चीवर फुस्स झालं. दाब सोडायची झडप उघडली होती. तिचा पाइप मोरीत सोडायचं राहूनच गेलं होतं. तो कठड्याबाहेर तोंड काढून होता, नेमका दाराच्या वर.

नऊ मजले उतरता उतरता पाण्याचा भुगा झाला. निरांजन विझलं. विहीणबाई नखशिखांत भिजल्या. प्रफुल मनातल्या मनात बॅग भरू लागला.

"इवाईबुवा!" बाई कडाडल्या.

"चुकलं, इहीनबाई! या पोट्ट्याले आत्ताच हाकलतो!"

"काऊन हाकलता? सिरोंच्यापासून भाजत आली मी. लई सोयरिकी पायल्या, पण दारातच पावसाळा कोनी नाई देल्ला!"

नानाजींचा वाकलेला कणा ताठ झाला. "तुमच्यासाठीच केलं ना, खास!"

प्रफुलनं धावत जाऊन यंत्र सुरू केलं. पाणी गार झालं, आकसलं, शिडकावा थांबला.

"बंद काऊन झालं?" बाईंनी विचारलं.

"आत एसी चालू केला ना, बाई."

"तो कर बंद."

उद्घाटनाची पंगत मग पायऱ्यांवरच बसली. आत कोट्यवधींचा एसी बंद, आणि बाहेर अख्खं गणगोत माना वर करून पाणी तापायची वाट पाहत होतं.

संध्याकाळी प्रफुल मोठ्या टाकीचा नवा हिशेब घेऊन गेला. नानाजींनी तो कागद बघितलासुद्धा नाही.

"ते राहू दे. इहीनबाई सिरोंच्यात लॉज बांधून राह्यल्या, अशीच उंच. त्यायले तूच पायजे."

"तिथी उन्हाळा किती रायते, नानाजी?"

"अठ्ठेचाळीस तं कुठीच नाई गेले."

प्रफुलनं पेन काढलं आणि या खेपेला जराही न लाजता लिहिलं: अडतीस.