रिकाम्या खुर्च्यांची बस

थॉर्नवेल गावाची एकुलती एक बस बंद करण्याचा ठराव नगरपरिषदेपुढे आला आणि आम्ही ताबडतोब बस बचाव समिती नेमली. पत्रलेखन-प्रमुख म्हणून माझी निवड बिनविरोध झाली. कारण सातही सभासदांकडे मोटारी होत्या, लेखणी तेवढी माझ्याकडे होती.

बस खरी लागायची ती आयडा मॅकफेलबाईंना. वय अठ्ठ्याहत्तर. मंगळवार, गुरुवार, शनिवार शेजारच्या शहरात डायलिसिस. मांडीवर विणकाम, डब्यात घरचे बटर टार्ट, त्यातला एक चालकाला. त्यांनी आपण होऊन पत्र आणून दिलं : ‘ही बस गेली तर मी दवाखान्यात कशी जाऊ?’

“आयडाबाई, पत्र हृद्य आहे,” मी म्हटलं, “पण आकडेवारी नाही. शाश्वत दळणवळणाचा उल्लेख नाही. दोनशे शब्दांची मुभा असताना तुम्ही आठच वापरलेत.”

“उरलेले तू वापर गं बाई. तुझ्याकडे खप दिसतो.”

मी वापरले. गावच्या साप्ताहिकात माणशी महिन्याला एकच पत्र चालतं, म्हणून चौदा पत्रं लिहून चौदा जणांच्या सह्या घेतल्या. संपादक पर्विससाहेब प्रत्येकाला फोन करून विचारतात, पत्र तुम्हीच लिहिलंत ना? सरावाप्रमाणे सगळे ‘हो’ म्हणाले. आमची अध्यक्ष ग्वेन तर प्रश्न संपायच्या आधीच म्हणाली.

मग त्यांचा मला फोन आला. “चौदाही पत्रं एकाच बाजूची. आमचं धोरण समतोलाचं. विरोधी पत्र आल्याशिवाय एकही छापता येणार नाही.”

“पण गावात विरोध कोणाचाच नाही!”

“मग वाद नाही. आणि वाद नसेल तर पत्रं कशाला?”

मुद्दा बिनतोड होता. मी नवऱ्यापुढे कोरा कागद ठेवला. “रसेल, खाली सही कर. तू बसच्या विरोधात आहेस.”

“अगं, पण मला बस हवीय!”

“बसलायस कधी तिच्यात?”

“नाही.”

“मग पात्र आहेस. कर.”

या पत्राला समितीची दुरुस्ती नव्हती, सात जणांचे शेरे नव्हते. जात्यावर ओवी सुचावी तसं ते एका दमात उतरलं : ‘सकाळी निघते, सांजेला येते, रिकाम्या खुर्च्यांना गाव दाखवते. खुर्च्यांचं गाव पाहून झालं आहे. आता त्यांना घरी बसू द्या.’

पंधराही पत्रं छापून आली. चौदा कोणी पूर्ण वाचली नाहीत. पंधरावं गावाला पाठ झालं. बेकरीत, बर्फाच्या मैदानावर लोक रसेलची पाठ थोपटू लागले; तोही हळूहळू त्या मताचा झाला. सभेत महापौरांनी पत्र मोठ्यानं वाचलं, तेव्हा सभागृह हसलं. सर्वांत आधी मी हसले. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून इतकं छान ऐकू आल्यावर कोणाला राहवतं?

ठराव मंजूर झाला. आयडाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. बसनं आल्या होत्या.

“चांगलं लिहितो गं तुझा नवरा,” त्या लोकर गुंडाळत म्हणाल्या. “एका खुर्चीत मी असायचे, एवढंच राहून गेलं त्याच्याकडून.”

मी पिशवीत लेखणी शोधू लागले. मला उत्तराला दोनशे शब्द लागतात.

समिती मात्र खचलेली नाही. तिचं नाव आता बस पुनरागमन समिती आहे, आणि विषयाचं गांभीर्य पाहता बैठक आठवड्यातून तीनदा भरते : मंगळवार, गुरुवार, शनिवार. आयडाबाई त्या दिवशी दारोदार विचारतात, कोणी सोडेल का? त्यांची विनंती विषयपत्रिकेवर घेतली आहे. बाहेर सात मोटारी ओळीनं उभ्या असतात, खिडक्यांवर हिम साचत असतं, आतल्या खुर्च्या रिकाम्या.

हे वाचून तुमचंही मन हेलावलं असेल, तर पत्र अवश्य लिहा. किंवा स्वतःच या. आठवी मोटार उभी करायला जागा आहे.