बेडकाच्या हयातीचा दाखला

नदीची पातळी दोन दिवस आधी सांगणारा प्रोग्राम पासो सेइबो गावाच्या नगरपालिकेने रीतसर ठराव करून मंजूर केला होता. तो ज्या भाषेत लिहिला होता, ती भाषा मात्र मंजूर नव्हती.

म्हणजे होती, पण सात वर्षांपूर्वीची. कार्यालयातल्या लिनक्स या संगणकप्रणालीच्या अधिकृत भांडारात त्या प्रोग्रामिंग भाषेची जी आवृत्ती होती, ती या प्रोग्रामला चालत नव्हती. नवी आवृत्ती एका अनधिकृत पॅकेजात मिळत असे. ते पॅकेज चिलीतला कोणी गृहस्थ फावल्या वेळात बनवून जगाला फुकट वाटत असे आणि स्वतःला ‘बेडूक’ म्हणवत असे.

संगणक विभागात दार्दो बेन्तांकुर एकटेच होते. त्यांनी थर्मॉस बाजूला ठेवून तीन ओळी टाइप केल्या. संगणकाने विचारले, ‘या व्यक्तीवर विश्वास ठेवायचा का? हो / नाही.’ दार्दोंचे बोट पुढे गेले आणि थबकले. अठरा हजार लोकांच्या वतीने विश्वास ठेवणारे आपण कोण? त्यांनी वरिष्ठांना विचारले. त्यांच्या हातून चूक झाली ती एवढीच.

“विश्वास ठेवणं तुमच्या कामाच्या यादीत नाही,” वरिष्ठ म्हणाले आणि परवानगीचा कागद नगरपालिकेच्या नोटरी ओतिलियाबाईंकडे गेला.

“या बेडकाचं पूर्ण नाव?” बाईंनी विचारले.

“ते कुणालाच माहीत नाही, बाई.”

“पॅकेजची देखभाल कोण करतं?”

“तोच.”

“मग देखभाल करणारा हयात असल्याचा दाखला लागेल. दर सहा महिन्यांनी.”

दार्दोंनी बेडकाला लिहिले. तासाभरात उत्तर आले: ‘मी जिवंत आहे. कालच नवी आवृत्ती टाकली.’ बाईंनी ते चष्मा लावून वाचले. “हे कालचं झालं. आजचं काय?”

दार्दोंनी धीर करून विचारले, “आणि बाई, अधिकृत पॅकेजवाल्याचा दाखला?”

“तो वारला. चार वर्षं झाली.” बाईंनी कपाटाकडे बोट दाखवले. “पण मृत्यूचा दाखला फाइलीत आहे. त्याचे कागद पूर्ण आहेत.”

नदीकाठच्या खालच्या वस्तीत रुफिना ओलिवेराची बेकरी होती. तिची लोखंडी भट्टी सोडवून वर न्यायला चार माणसे आणि दीड दिवस लागे. मागच्या पुरात इशारा दुपारी आला आणि पाणी संध्याकाळी. आणखी एकदा भिजली तर ती भट्टी भंगारातच जाणार होती. त्यामुळे रुफिना दर सोमवारी खिडकीशी येऊन विचारी, “काय दार्दो, तुझा बेडूक जिवंत झाला का?”

“कागद पुढे गेलेत, रुफिना.”

“तुमचे कागद बरे जातात रे झटपट. माझी भट्टी जात नाही.”

दोन महिन्यांनी चिलीहून दाखला आला, शिक्क्यासकट. पण तोवर बेडकाने आणखी तीन आवृत्त्या काढल्या होत्या.

“हा दाखला पाचव्या आवृत्तीच्या बेडकाचा,” बाई म्हणाल्या. “आता आठवी चालू आहे. तोच बेडूक कशावरून?”

मंजुरी मिळेपर्यंत सुधारणा थांबवाव्यात, असे त्याला कळवण्यात आले. त्याने लिहिले, ‘सुधारणा थांबल्या तर मी मेलोच असं समजा.’ या वाक्यावर कायदा विभागाचे मत मागवण्यात आले.

मग नदीच्या वरच्या अंगाला, ब्राझीलमध्ये, पाच दिवस पाऊस कोसळला. रुफिना मंगळवारी पुन्हा खिडकीशी आली, पण या वेळी टोमणा नव्हता.

“चार माणसं सांगून ठेवलीत. भट्टी सोडवू की थांबू? एवढंच सांग रे.”

दार्दो जेवणाच्या सुट्टीत घरी गेले. स्वतःच्या जुन्या संगणकावर त्याच तीन ओळी टाइप केल्या आणि ‘हो’ म्हणताना डोळे मिटून घेतले. भाषा बसवून प्रोग्राम चालवेपर्यंत सगळे काम अकरा मिनिटांत झाले. पाणी गुरुवारी सकाळी बेकरीच्या दाराशी येणार होते.

त्यांनी रुफिनाला सांगितले. रुफिनाने गल्लीला सांगितले आणि संध्याकाळपर्यंत फोनाफोनी होऊन गावाला कळले. भट्टी वर गेली. त्याच चार माणसांनी लगेच ओतिलियाबाईंचा पियानोही वरच्या मजल्यावर नेला. बाईंनी बेडकाविषयी काहीही विचारले नाही.

गुरुवारी सव्वानऊला पाणी आले. भिजण्यासारखे काही शिल्लक नव्हते.

पुढच्या सोमवारी परिपत्रक निघाले. ‘सदर इशारा मंजूर साधनाद्वारे दिलेला नसल्याने तो दिलाच गेला नाही, असे समजण्यात येत आहे. त्या आधारे सामान हलवलेल्या नागरिकांनी ते पंचनाम्यासाठी मूळ जागी नेऊन ठेवावे, अथवा आपणास कोणताही इशारा मिळाला नव्हता असे लिहून द्यावे.’ मूळ जागी अजून छातीभर पाणी होते.

रांग लागली. पहिली सही ओतिलियाबाईंची होती. रुफिनाने सही करून खिडकीत गरम बिस्कोचो पावांचा पुडा ठेवला.

“रागावला नाहीस ना? आता ती भट्टी परत पाण्यात कोण ढकलणार?”

“छे गं.”

“तुझी झाली का सही?”

“इशारा देणारा मीच की, रुफिना.”

“मग तर झालंच. तुला कुठं कुणी सांगितलं होतं?”

दार्दोंनी थोडा विचार केला. यात खोट काढता येईना. त्यांनी सही केली.

त्या यादीत गावातली एकही सही कमी नाही. तुम्ही केली नसती, याबद्दल आम्हांला शंका नाही. तुमचं घर उंचावर असणार.