चिखलाखालचा नंबर

ऑब्रे पिंचबेक हा इंग्लंडातला सर्वांत तल्लख गुप्तहेर होता. हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं, आणि दुसरं कोणी सांगायला पुढे येत नसल्यामुळे त्याला ते वरचेवर सांगावं लागे.

"निरीक्षण, डेनिस, निरीक्षण!" तो म्हणायचा. "तुझ्या कोटाच्या बटणावरून मी तू सकाळी काय खाल्लंस ते सांगतो."

डेनिस ओल्ड्रॉइडच्या बटणावर रोज अंड्याचा बलक सांडलेला असे. त्यामुळे हा तर्क आजवर कधी चुकला नव्हता.

ऑब्रेनं यॉर्कशरमधल्या थॉर्पबेक गावातलं आपलं गालिच्यांचं दुकान विकलं होतं आणि रहस्यांचा पाठलाग सुरू केला होता. त्यानं सोडवलेलं सर्वांत मोठं प्रकरण त्याच्या स्वतःच्याच चष्म्याचं होतं. चष्मा कपाळावर सापडला होता, आणि तोही डेनिसला. डेनिस त्याचा मदतनीस, म्हणजे घडीच्या खुर्च्या, दुर्बीण आणि छत्री वाहणारा. पोस्टात असताना त्यानं जन्मभर पिशव्या वाहिल्या, निवृत्त झाल्यावर ऑब्रेचं सामान वाहू लागला. माणसाला सवय लागली की लागली.

पण या खेपेचं प्रकरण डेनिसच्या जिवाभावाचं होतं. लहानपणापासून त्याला रेल्वेची इंजिनं पाहायचा नाद. एका जातीची मोठी डिझेल इंजिनं होती, त्यातलं एकूण एक त्यानं पाहिलं होतं. फक्त एकोणऐंशी नंबरचं राहिलं होतं. बिचारा स्कॉटलंडला गेला तर ते वेल्समध्ये, हा वेल्सला धावला तर ते दुरुस्तीला! आणि आता बातमी आली होती की एकोणऐंशी पानांच्या गाडीला जोडलंय, आजची फेरी शेवटची, उद्या भंगारात.

पानांची गाडी म्हणजे पानगळीत फिरणारी. रुळांवर पडलेली पानं चाकांखाली चेंगरून असा काही बुळबुळीत लगदा होतो की ब्रेक लावला तरी गाडी घसरतच जाते. मग दोन टोकांना दोन इंजिनं आणि मधे पाण्याच्या टाक्या अशी ही गाडी जोरदार फवारे मारत रूळ धूत हिंडते. रूळ होतात लख्ख, पण उडालेला सगळा लगदा बसतो गाडीच्याच अंगावर. नंबर काही दिसत नाही.

आणि या नादिष्ट मंडळींचा नियम फार कडक. नंबर आपल्या डोळ्यांनी वाचला तरच इंजिन पाहिलं असं धरायचं. ड्रायव्हरला विचारायचं? छे! परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणारा माणूससुद्धा यापेक्षा बरा समजला जाई.

आठवडाभर ऑब्रेनं ही गाडी शोधून काढण्याचा सपाटा लावला होता. आधी त्यानं रुळांतलं गवत मारणारी गाडी पकडली. "फवारे आहेत, म्हणजे हीच!" नंतर खडी ठोकणारं एक पिवळं यंत्र पकडलं. परवा तर साध्या लीड्सच्या पॅसेंजरकडे बोट दाखवून ओरडला, "पान! काचेला पान चिकटलंय, डेनिस!" डब्यातल्या एका म्हातारीनं त्याला हात हलवून दाखवला.

आणि आज, ऐन दुपारी, खरी गाडी आली. थॉर्पबेकच्या फलाटावर लाल सिग्नल लागला आणि ती चक्क डेनिसच्या नाकासमोर येऊन थांबली! डोक्यापासून पायापर्यंत तपकिरी.  डेनिसनं खिशातून रुमाल काढला.

"खबरदार!" ऑब्रेनं त्याचं मनगट धरलं. "पुराव्याला हात लावू नकोस!"

"अरे, नंबरच तेवढा पुसतो ना."

"हा चिखल बोलतोय, डेनिस. ऐक." ऑब्रेनं बोटभर लगदा काढून हुंगला. "बीच! बीचची झाडं पूर्वेला. म्हणजे हे इंजिन पूर्वेकडून आलंय."

"पूर्वेकडूनच येताना पाहिलं की आपण आत्ता."

"बघ, जुळलं! आता पुढचं ऐक. एवढा चिखल नुसत्या पानांनी बसेल? कधीच नाही. हा मुद्दाम थापलाय. तुझ्यासारख्यांपासून नंबर लपवायला रेल्वेनं रचलेला हा कट आहे. हे वेषांतर केलेलं इंजिन आहे, डेनिस!"

"सिग्नल हिरवा होईल रे बाबा," डेनिस रडकुंडीला आला. "माझा हात सोड!"

तेवढ्यात डेनिसची बायको ब्रेंडा आली. स्वारी घरून थर्मास विसरून निघाली होती, म्हणून ती चहा आणि पार्किनचा, म्हणजे आल्याच्या केकचा, मोठा तुकडा घेऊन तरातरा आली होती. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला, ऑब्रेनं धरलेलं मनगट पाहिलं, आणि सरळ इंजिनाकडे वळली. वर खिडकीत ड्रायव्हर सँडविच खात बसला होता.

"काय रे राजा, तुझ्या इंजिनाचा नंबर काय?"

ऑब्रेनं डोळे मिटून घेतले. डेनिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अठ्ठ्याहत्तर, मावशी," ड्रायव्हर म्हणाला.

"अठ्ठ्याहत्तर तर मी पाहिलंय!" डेनिस मटकन खुर्चीत बसला. संपलं सगळं.

"मी म्हणालोच होतो, वेषांतर," ऑब्रे म्हणाला.

"गप बस रे!" ब्रेंडा म्हणाली आणि पुन्हा वर पाहिलं. "आमच्या ह्यांना एकोणऐंशी हवंय. कुठे सापडेल ते?"

"मागे," ड्रायव्हर तोंडातला घास गिळत म्हणाला. "शेपटीला. दोन इंजिनं असतात की या गाडीला."

डेनिस ताडकन उठला. दोन टोकांना दोन! पण शेपूट राहिलं होतं पार फलाटाच्या बाहेर, आणि तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. भोंगा वाजला, गाडी हलली. टाक्या एकेक करून सरकू लागल्या, आणि मागून ते आलं. तेही नखशिखांत चिखलात. नंबराच्या जागी नुसता लगदा.

"दिसत नाही!" डेनिस ओरडला. "ब्रेंडा, दिसत नाही गं!"

ब्रेंडानं थर्मासचं झाकण उघडलं आणि इंजिन समोर येताच आतला सगळा चहा नेम धरून फेकला.

"पुरावा!" ऑब्रे मधे धावला. निम्मा चहा त्याच्या टोपीवर गेला. उरलेला बसला बरोबर जागेवर. लगदा ओघळला. खालून आधी सात निघाला, मग नऊ.

पलीकडून फलाटावरचा मास्तर ओरडत धावत आला, तोवर इंजिन वळणापर्यंत पोहोचलं होतं.

"पाहा," ऑब्रे टोपी झटकत म्हणाला, "चिखल चहात विरघळतो, हे मी आधीच ताडलं होतं."

डेनिसनं ते ऐकलंच नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"पाहिलंस का तू, ब्रेंडा? पाहिलंस ना?"

लग्न झाल्यापासून ब्रेंडानं त्याचे डबे भरले, मफलर विणले, इंजिनांची बडबड ऐकत बटाटे सोलले. पण एकाही इंजिनाकडे तिनं मान वर करून पाहिलं नव्हतं.

"पाहिलं की," ती म्हणाली. "देखणं होतं रे."