आप्पेपात्रातलं शिसं

राणीला गाढ झोपेतून उठवून विचारलं असतं, की धातूंमधलं जगात सगळ्यात जास्त कुणाला कळतं, तरी तिनं डोळे न उघडता सांगितलं असतं, "आमच्या ह्यांना." आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती हो. सुगत लॅबमध्ये सोल्डरच्या मिश्रधातूंवर संशोधन करायचा. भांड्यावर टिचकी मारून त्यात कशाची भेसळ आहे ते सांगायचा. त्यामुळे राणी त्याला घेऊन भांडी खरेदीला गेली, की दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा.

साल २००४. सुगतचे साहेब ग्रॅहम निवृत्त होऊन ऑस्ट्रेलियाला परत निघाले होते, म्हणून त्यांना सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं होतं. वरणभात झाला आणि साहेबांनी मनातलं दुःख बाहेर काढलं. तिकडे त्यांच्या शेतघरात पणजोबांची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू भरायची, वरून गोळी ठासायची आणि बार काढायचा. दरवर्षी जुन्या बंदुकांचा रीतसर परवान्यानं मेळावा भरतो, त्यात साहेबांचा नेम हल्ली सारखा फसत होता. मागच्या खेपेला तर शेजारच्या माणसाचं लक्ष्य फुटलं म्हणे.

"गोळ्या कशाच्या ओतता?" सुगतनं विचारलं.

"मोटारीच्या चाकांना लावतात ना, त्या शिशाच्या वजनांच्या."

"तिथेच घोडं पेंड खातंय. ते शिसं कडक असतं. तुमच्या बंदुकीला मऊ शिसं हवं. बार उडाला की गोळी फुगली पाहिजे आणि नळीच्या आतल्या पिळदार आट्यांत घट्ट बसली पाहिजे. कथील घालायचं ते नावापुरतं, साचा नीट भरावा म्हणून. कथील वाढलं की गोळी पुन्हा कडक."

ग्रॅहमसाहेबांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. राणीला तर वाटलं, नवरा असावा तर असा. सुगत म्हणाला, तीन प्रकारचे नमुने करून देतो, हात लावून बघा आणि मग ठरवा. अर्थात नमुने म्हणजे नुसते गोळे. सिंगापुरात बंदुकीच्या गोळीचं नावसुद्धा दबक्या आवाजात घ्यावं लागतं, ओतायचं तर लांबच राहिलं.

आता गोळे ओतायला लोखंडी साचा हवा. "हे चालेल का?" म्हणत राणीनं कौतुकाच्या भरात स्वतःच आप्पेपात्र काढून दिलं. लोखंडी, सात खळग्यांचं, चांगलं वजनदार. सासूबाईंनी, म्हणजे कमलाबाईंनी, ते चिपळूणहून विमानात मांडीवर घेऊन आणलं होतं.

सुगतनं लॅबमध्ये गोळे ओतले. मऊ शिशावर एक टिंब, कथलाच्या शिशावर दोन, कडक शिशावर तीन. घरी आणून त्यानं त्यांची परीक्षा घेतली ती लेकीच्या, एकताच्या चित्रकलेच्या पेन्सिलींनी. मऊ पेन्सिलीपासून सुरुवात करायची, ज्या पेन्सिलीचा पहिला ओरखडा उठेल तो त्या शिशाचा कडकपणा. "पप्पा, दॅट वन इज न्यू लाह," एकता कुरकुरली, पण विज्ञानापुढे तिचं कोण ऐकतो.

"अहो, माझं आप्पेपात्र?" राणीनं विचारलं.

"ते लॅबमध्येच आहे. त्यात आता अन्न शिजवायचं नाही. शिसं फार वाईट."

"आता नाही म्हणजे मग कधी?"

"कधीच नाही."

आणि शनिवारी तर कमलाबाई येणार होत्या.

आल्या, आणि पाणी पिऊन झाल्याबरोबर म्हणाल्या, "राणी, उद्या आप्पे कर गं."

"आई, पीठ फुगलं नाहीये," राणी म्हणाली. सिंगापुरात पिठाकडे नुसतं बघितलं तरी ते फुगतं.

"मग फुगेल की."

"आणि पात्र माझ्या मैत्रिणीकडे, साधनाकडे आहे. बिशानला."

"मग जाऊन आणू. सरळ गाडी आहे म्हणालीस ना?"

"साधना बालीला गेलीय."

कमलाबाई हं म्हणाल्या. आपली सून काहीतरी लपवतेय हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. दुसऱ्या दिवशी चहाला ग्रॅहमसाहेब नमुने न्यायला यायचे होते, आणि सोमवारी त्यांचं विमान होतं.

रविवारी दुपारी डाळ शोधताना कमलाबाईंच्या हाती कपाटावरचा डबा लागला. उघडून बघतात तर करडे आप्पे! नाचणीचे असणार. वर तीळसुद्धा लावलेत बिचारीनं. डबा उचलवत नव्हता, पण मागच्या खेपेला राणीच्या हातचे आप्पे खाल्ल्यापासून कमलाबाईंना वजनाचं नवल उरलं नव्हतं. सगळा उलगडा झाला. पोरीनं कौतुकानं केले, बिघडले, आणि सासू काय म्हणेल या भीतीनं लपवून ठेवले. कमलाबाईंचं काळीज हललं. सुनेची लाज ती आपली लाज. त्यांनी स्वयंपाकघरातल्या चुटचं, म्हणजे कचरा थेट तळमजल्यावर नेणाऱ्या भुयाराचं झाकण उघडलं आणि डबा त्यात रिकामा केला.

नवव्या मजल्यावरून शिसं निघालं. धाड धाड आवाज करत ते एकेका मजल्याला सलाम ठोकत गेलं, आणि सुगत पांढराफटक पडून धावत आला.

"आई, काय टाकलंस?"

"काही नाही रे. तू तिला बोलू नकोस. माझेसुद्धा पहिल्यांदा असेच झाले होते."

"अगं, ते शिसं होतं! आधी साबणानं हात धू."

तेवढ्यात बेल वाजली. दारात ग्रॅहमसाहेब.

मग काय, सगळी वरात खाली. सफाईवाल्या काकांनी हसत हसत चुटखालचा डबा ओढून काढला, सुगतनं हातमोजे घातले आणि नूडल्सच्या चोथ्यातून एकेक गोळा वेचून पुसला. राणी गरीब गाईसारखी उभी होती. साहेबांसमोर नवऱ्याची अब्रू गेली, आणि वर गेल्यावर आप्पेपात्राचं सांगायचंच होतं.

सुगत एकाएकी थांबला. त्यानं तीन गोळे तळहातावर ठेवून साहेबांपुढे धरले. तीन टिंबांच्या गोळ्याचा नुसता टवका उडाला होता. दोन टिंबांचा किंचित दबला होता. एका टिंबाचा भाकरीसारखा चपटा झाला होता.

"बघा, मार बसल्यावर पसरतं ते हे. हेच घ्या."

साहेबांनी तो चपटा गोळा कितीतरी वेळ न्याहाळला. "चाळीस वर्षं प्रयोगशाळांत काढली," ते म्हणाले, "पण इतका सरळ पुरावा कुणी माझ्या हातात ठेवला नव्हता." राणीचे डोळे भरून आले. कचऱ्यात उभं राहूनही हा माणूस चमकतोच, तिला वाटलं.

त्या भरातच वर जाऊन तिनं कमलाबाईंना सगळं सांगून टाकलं. कमलाबाईंनी ऐकून घेतलं, उठल्या, आणि बॅगेतून नवंकोरं नॉनस्टिक आप्पेपात्र काढलं.

"ते लोखंडाचं धूड मला उचलवेना, म्हणून तुझ्या गळ्यात बांधलं होतं. हे द्यायचं म्हणूनच आप्प्यांचं काढत होते मी. आता कर बघू."

राणीनं उत्साहानं आप्पे केले. ग्रॅहमसाहेबांनी एक तोंडात टाकला आणि ते बराच वेळ चावत राहिले. सुगत चहात बुडवून खात होता.

कमलाबाईंनी टेबलावरची एकताची पेन्सिल उचलली, बशीतल्या आप्प्यावर ओढून पाहिली, मग दुसरी पेन्सिल घेतली, मग तिसरी.

"राणी," त्या मायेनं म्हणाल्या, "पुढच्या वेळी कथील जरा कमी घाल गं."