आबांनी शिवलेली आरती

आमच्या जामसंड्याचे आबा शिंपी गळ्याचं माप दोनदा घेत. एकदा कॉलरसाठी, मग टेप तशीच धरून ‘आता सा लाव’ म्हणत आणि गळा किती फुगतो ते बघत. ‘बी.ए. झालंस, पण सा काय तुका जमाक नाय,’ हे त्यांनी मला चार गिऱ्हाइकांदेखत ऐकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण आबांच्या दुकानात पदवीला किंमत नव्हती.

त्यांना स्वतःला गाण्यात गुरू नव्हता. मोडक्या पेट्या दुरुस्त करता करता शिकले. एकदा सावंतवाडीला लग्नात बँड ऐकून आले आणि देवळातली पिढीजात आरती त्यांना एकाएकी उघडीवाघडी वाटू लागली. ‘अस्तर नाय तिका,’ म्हणाले.

मग सहा महिने खाकी कागदावर खडूनं आरती बेतली. पेटी म्हणजे पाठ, क्लॅरिनेट म्हणजे बाह्या. म्हापशाहून आणलेल्या फिडलवाल्याला ‘दोन इंच आत घे’ म्हणाले, तेव्हा तो बिचारा खुर्ची मागे सरकवून बसला.

जत्रेला आरती उभी राहिली. तिसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबली आणि ढोल एकटाच सोळा मात्रा वाजू लागला. आता आमच्या देवळात ढोल एकटा वाजतो तो फक्त अवसारासाठी, अंगात देव यावा म्हणून. ज्यांच्या अंगात येतो ते गुरव चौथ्या ठोक्याला थरथरू लागले. लोकांनी टाळ टाकले आणि कुणी हरवलेली म्हैस विचारू लागला, कुणी मुलीचं लग्न. क्लॅरिनेटवाला वाद्य काखेत मारून पळाला.

मानकरी भडकले. देवाला काय वाटेल तेव्हा हाक मारायची? ढोल तरी काढा, नाहीतर जुनीच आरती राहील. आबा क्लॅरिनेट सोडायला तयार झाले, फिडलही. ढोल मात्र नाही.

शिकलेला म्हणून समजूत घालायला मला पाठवलं. मी तासभर बोललो. ढोलाला तिथं संगीताच्या दृष्टीनं काही अर्थ नाही, हेही सांगून टाकलं. आबा इस्त्री फिरवत राहिले. शेवटी त्यांनी कोपऱ्यात काजं करत बसलेल्या बहिणीकडे, बायोकडे, हनुवटीनं दाखवलं. लहानपणी तापात तिचे कान गेले होते.

‘चाळीस वर्षां ती देवळात खांबाक हात लावन उभी रवता,’ आबा म्हणाले. ‘आरतीत तिका नुसती तोंडां हलताना दिसतत. ढोल एकटो वाजलो तर तो हातात येता. त्यो सोळा मात्रा तिच्यो.’

आम्ही बघतोय हे कळून बायोनं हातानंच ‘काय झालं?’ विचारलं. आबांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि बेतायच्या मेजावर तळव्यानं ठोके द्यायला सुरुवात केली. बायो उठून आली, मेजावर हात पसरून उभी राहिली. सोळावा ठोका पडला आणि तिनं बरोबर पुढचं कडवं उचललं.

सूर भयंकर होता. मानकऱ्यांना काय सांगायचं ते मला कळलं होतं. पण कडवं संपेपर्यंत उठवेना.