नारोपंत गिटारनवीस यांनीं घट्टे घासिले, त्याची हकीकत

श्रीशारदेचे चरणीं मस्तक ठेवून आणि गिटारीचे सहाही तारांस नमस्कार करून ही हकीकत लिहावयास घेतली. शके सोळाशें अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासीं अमुक एके राज्यीं मातुश्री आईसाहेब कैलासवासी जाहल्या आणि महाराजांनीं त्या दिवसापासून बोलणेंच सोडिलें. आईसाहेबांस गिटारीचा नाद मोठा, सबब कारभारी मंडळींनीं मसलत केली कीं गिटार ऐकवावी, म्हणजे महाराजांचें मन हलेल आणि मग मुखांतून शब्द निघेल. त्या राज्यीं चाल ऐसी कीं, तारा दाबून वाजविणाऱ्याचे बोटांस जे घट्टे पडत, ते दर दसऱ्यास घट्टेदरोगा हैबतराव टिचकी मारून पाहात आणि ज्याचे घट्टे टणक तो थोर. नारोपंतांचे घट्टे ऐसे कीं टिचकी मारितां हैबतरावांचेंच नख दुखावें. म्हणोन गिटारनवीशी पंतांकडे, आणि सरकारची शिसवी गिटारही त्यांजकडे, जी त्यांनीं मुंज जाहल्यापासून उराशीं धरिली होती. मात्र दंडक असा कीं, हुजुरांची मर्जी उतरली तर गिटार जामदारखान्यांत जमा व्हावी आणि पुन्हा कोणीं तीस हात लावूं नये. मग दरबार भरला आणि पंत वाजविते जाले. काय ती लय, बोटें दिसेनात, एक सूर चुकला नाहीं, आणि दरबारी माना डोलवून डोलवून थकले. शेवटीं पंतांनीं मुजरा केला, तों महाराजांनीं मान वर केली आणि बोलिले, "नारोपंत, तारा जुळवून झाल्या असतील तर आतां वाजवावें."

महाराज बोलिले म्हणून साखर वाटावी, कीं काय बोलिले म्हणून तोंड लपवावें, हें कारभाऱ्यांस उमजेना. एक हुजऱ्या साखर आणावयास धांवला होता, तो दारींच थबकला. थट्टा म्हणावी तर महाराजांचे मुखीं हसूं नव्हतें. हैबतराव जवळ येऊन हळूच बोलिले, "पंत, उद्यां आणखी एक वेळ पाहा. न जमलें तर गिटार मजकडे द्यावी लागेल. मी तरी काय करूं?"

मग पंत घरीं आले आणि त्यांचे डोक्यांत ऐसें भरलें कीं, घट्टे कठीण म्हणून सूर कठीण, बोटें मऊ केलीं तर सूरही मऊ निघेल. आणि कोमट दुधांत बोटें भिजवून, पाय घासावयाची वजरी घेऊन, जन्माचे घट्टे घासूं लागले. त्यांचें कुटुंब तिमाबाई पाहून हबकल्या आणि म्हणाल्या, "इकडून हें काय आरंभिलें आहे? मुंजीपासूनची कमाई ती." पंत बोलिले, "महाराजांस भाव पाहिजे. तो या घट्ट्यांखालीं दडपला आहे." बाई म्हणाल्या, "मग दुधांत ठेवून काय, बोटांवर साय धरणार?" पण पंत ऐकतात कसले. दुसरे दिवशीं दरबारीं डोळे मिटले, उसासे टाकिले, अश्रूही गाळिले, आणि सोललेल्या बोटांनीं तार धड दबेना, सूर खरखरूं लागले, एक इकडे तर एक तिकडे. महाराजांनीं ऐकून घेतलें आणि बोलिले, "पंत, रडून झालें असेल तर वाजवावें."

हैबतरावांनीं खालीं पाहात हात पुढें केला. पंतांचे बोटांतून रक्त येत होतें, तरी गिटार हातून सुटेना. ते म्हणाले, "रावसाहेब, निरोप तरी घेऊं द्या तिचा," आणि तेथेंच पायरीवर बसले, आणि दरबार आहे कीं नाहीं हें विसरून आईसाहेबांचे आवडीची गत वाजवूं लागले. प्रत्येक सुरास कळ येई, म्हणून जो सूर हवा तोच नेट लावून दाबीत आणि बाकीचे सोडून देत. परंतु हात इतक्या वर्षांचा तयार, बोट जेथें ठेवावें तेथें सूर खणखणीत उभा. जी गत पंत रोज पळवीत नेत, ती आज पायीं चालत निघाली. या गतींत इतकी मोकळी जागा होती आणि आपण ती आजवर पाहिली नाहीं, याचा पंतांसच धक्का बसला. तों एके ठिकाणीं कळ मस्तकांत गेली आणि हात थांबला. समस्त मंडळी महाराजांचे तोंडाकडे पाहूं लागली, आतां काय ऐकावें लागतें म्हणून पांचावर धारण बसली, आणि हैबतरावांनीं गिटारीस हात घातला.

महाराजांचे डोळे भरून आले होते. बोलिले, "थांबलांत कां?"

येणेंप्रमाणें गिटार पंतांकडेच राहिली. घट्टे पुढें यथावकाश पुन्हा पडले, ते पडावेच लागतात. परंतु दसऱ्यास हैबतराव टिचकी न मारितां, "वाजवा, ऐकतों," इतकेंच म्हणूं लागले. तिमाबाईंनीं ती वजरी कोठें लपविली, तें पंतांस अद्याप ठाऊक नाहीं. जैसें घडलें तैसें लिहिलें.