खंडेनवमीचा मणका

खंडेनवमीच्या सकाळी सखुबाईंच्या हातून सुनेचा कणा निखळला. सुनेचा म्हणजे सुनेच्या कॉलेजचा. पण भाग्यश्रीने तो घरी आणताना मॅडमना असा काही शब्द दिला होता, की आता तो तिच्याच अंगाचा भाग झाल्यासारखा होता. यातला एक मणका जरी हरवला, तरी तोंडी परीक्षेला उभी राहू नकोस, असं मॅडमनी बजावलं होतं. आणि दसऱ्याची सुट्टी संपली की तोंडी परीक्षा.

कणा प्लास्टिकचाच होता, पण मानेपासून माकडहाडापर्यंत अख्खा. सगळे मणके एका पिवळ्या लवचीक दांडीत ओवलेले. ती दांडी म्हणजे मज्जारज्जू. दोन मणक्यांमध्ये रबरी चकत्या, तळाशी कमरेचं रुंद हाड, आणि सगळ्यात खाली हे सगळं धरून ठेवणारी एक पिळाची चाकी. मखमलाबादच्या त्या घरात तो कॅलेंडरच्या खिळ्याला लटकत असे. सखुबाईंचे यजमान कोंडाजी त्याला ‘पाहुणे’ म्हणत. चहा मागत नाही असा हा एकच पाहुणा, असं त्यांचं मत होतं.

भाग्यश्री फिजिओथेरपी शिकत होती. लग्नानंतर कशाला शिकायचंय, असं म्हणणाऱ्या भावकीला सखुबाईंनीच गप्प केलं होतं. संध्याकाळी सून मोठमोठ्याने पाठ करायची आणि सासू हार ओवता ओवता ऐकायची. मज्जारज्जू कमरेच्या सुरुवातीलाच संपतो, त्याच्या खाली नुसता नसांचा झुपका असतो, हे ऐकून तर त्यांना फार वाईट वाटलं होतं.

“म्हंजे देवाला पण दोरा पुरला नाय,” त्या म्हणाल्या होत्या.

पाहुण्यांना कोणी बोटही लावायचं नाही, असा हुकूम त्यांनीच घरात सोडला होता.

पण खंडेनवमीला झेंडू उत्पादकाच्या घरात हुकूम चालत नाहीत, फक्त झेंडू चालतो. भाग्यश्री माहेरी वणीला देवीची ओटी भरायला गेली होती, दुपारपर्यंत येणार होती. दिवाणखान्यात गुडघाभर फुलं पडली होती. शेजारच्या धोंडाबाई मदतीला आल्या होत्या. त्यांची नजर टीव्हीवरच्या मालिकेवर आणि हात फुलांत. बोटाला फूल लागलं की सुई गेलीच. सातपूरच्या दिनेशशेठच्या वर्कशॉपची मोठी ऑर्डर होती आणि दाराशी टेम्पो उभा होता. घरातल्या सगळ्या खुंट्या हारांनी भरल्या, तेव्हा सखुबाईंनी एक हार घटकाभर पाहुण्यांच्या गळ्यात घातला. तो शोभला, म्हणून दुसरा घातला. चौथ्या हाराला कॅलेंडरचा खिळा भिंतीतून निघाला, पाहुणे झेंडूच्या ढिगात पालथे पडले, चाकी उडाली आणि मणके फुलांत पसरले.

धोंडाबाईंनी मालिकेवरची नजर काढली नाही. नायिकेची सासू तिच्यावर आळ घेत होती, ते बघायचं सोडून कोण मान वळवणार?

सखुबाईंनी ढीग उपसून सापडतील ते मणके परातीत जमा केले. तेवढ्यात कोंडाजींनी हार टेम्पोत भरून तो रवाना केला आणि आत येऊन बघतात तर बायको परात पुढ्यात घेऊन पाहुण्यांना ओवते आहे. हात शेवटी हार करणाऱ्या बाईचे. त्यांनी सगळ्यात मोठे मणके मधोमध घेतले होते आणि दोन्ही बाजूंना लहान लहान करत नेले होते.

“अगं, माणूस असा असता तर ढेरी पाठीला आली असती,” कोंडाजी म्हणाले.

तेव्हा भिंतीवरचा भाग्यश्रीचा कण्याचा तक्ता काढला. त्यात चित्र होतं, पण चित्रातला माणूस कुशीवर झोपलेला, सखुबाईंना काही उमगेना. मग त्यांनी यजमानांना सदरा काढून स्टुलावर बसवलं. मानेखाली जो उंचवटा हाताला लागतो तिथपर्यंत मानेचे सात, हे त्यांना ऐकून ऐकून पाठ होतं. त्यांना बाजूला बारीक भोकं असतात. मग बरगड्या अडकवायला खाचा असलेले बारा. मग गुळाच्या खड्यासारखे जाडजूड पाच, ते कमरेचे. बोट पाठीवरून खाली सरकेल तसा एकेक मणका परातीतून उचलून दांडीत जात होता. कोंडाजींना गुदगुल्या होत होत्या. एकदा ते हसून इतके हलले की अकराव्याचा दहावा झाला आणि पुन्हा मानेपासून सुरुवात करावी लागली.

कमरेचा चौथा बसला आणि परात रिकामी झाली.

सखुबाईंनी परात झटकली. पदर झटकला. कोंडाजींना उठवून स्टुलाखाली बघितलं. मग त्या धोंडाबाईंच्या समोर जाऊन टीव्हीच्या आड उभ्या राहिल्या. धोंडाबाईंनी थोडा विचार केला.

“एक फूल जरा टणक लागलं खरं,” त्या म्हणाल्या. “पर मधी भोक व्हतं, सुई सरळ गेली. म्या म्हटलं कळी आसंल.”

तेवढ्यात भाग्यश्रीचा फोन आला. जीप वणीहून सुटली होती, दिंडोरी मागे पडली होती. सखुबाईंनी तिला सावकाश ये म्हटलं. जीपवाल्याला पण सावकाश यायला सांग म्हटलं. फोन ठेवला आणि चप्पल शोधायला लागल्या.

कोंडाजींनी मोटारसायकल काढली. त्यांची कंबर जुनी दुखरी, पट्टा लावल्याशिवाय ते गाडीवर बसत नसत. आज पट्टा लावायलाही सवड नव्हती. चांदशीच्या पुलावरून गंगापूर रोडला, तिथून सातपूर, असं त्यांनी गाडी नेली. प्रत्येक गतिरोधकाला ते ‘आई गं’ म्हणत आणि मागून सखुबाई ‘चला’ म्हणत.

वर्कशॉपमध्ये पूजा नुकतीच झाली होती. मोठ्या लेथ मशीनला हार घातला होता आणि हाराच्या मधोमध, दोन पिवळ्या झेंडूंच्या मध्ये, कमरेचा पाचवा मणका हळदकुंकू लावून बसला होता. समोरून तो शिंगं उगारलेल्या नंदीसारखाच दिसत होता. दिनेशशेठ हात जोडून उभे होते.

“मावशी, यंदा तुम्ही कमाल केली,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी साधा हार, यंदा नंदीचं पदक. कारागिरांनी सेल्फी काढले.”

सखुबाई तो परत मागू लागल्या. शेठ म्हणाले, पूजेला लावलेलं दसऱ्याच्या आत हलवायचं नसतं. शिवाय सकाळी अडलेलं मशीन हार घातल्याबरोबर चालू झालं होतं. दुसरा हार देते म्हटलं, फुकट देते म्हटलं, तरी शेठ हलेनात. सखुबाईंच्या डोळ्यांसमोर वणीहून येणारी जीप दिसायला लागली. वर्षाची ऑर्डर एका बाजूला आणि सुनेची परीक्षा दुसऱ्या बाजूला. त्यांनी ऑर्डरवर पाणी सोडलं.

“शेठ, तो नंदी नाय. कमरेचा मणका हाय.”

शेठचे जोडलेले हात सुटले. “कोणाच्या?”

“सुनेच्या.”

कारागिरांनी टोप्या काढल्या. सखुबाईंना ‘कॉलेजच्या’ असं पुढे म्हणायचं होतं, पण शेठ स्वतःच वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन हार सोडायला लागलेले बघून त्यांनी ते राहू दिलं.

“आणि सूनबाई कशा आहेत?” शेठनी हलक्या आवाजात विचारलं.

“वणीहून येतीय. जीपमध्ये.”

“बसून?”

“जागा मिळाली आसंल तर.”

शेठनी मणका वर्तमानपत्रात गुंडाळून दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत ठेवला.

परतताना पुलाच्या अलीकडच्या गतिरोधकावर कोंडाजींची कंबर धरली. घरी पोहोचल्यावर ते गाडीवरून उतरले, पण गाडीवर बसल्यासारखेच वाकलेले राहिले. सखुबाईंनी त्यांना तसंच आत नेऊन गादीवर पालथं घातलं, पाचवा मणका पुसून दांडीत सरकवला, खालचं हाड बसवलं, चाकी पिळली, खिळा ठोकला. पाहुणे लटकले आणि फाटक वाजलं.

भाग्यश्री आत आली, ओटीच्या प्रसादाची पिशवी तिच्या हातातच राहिली. ती कण्याकडे बघत होती. पुसूनही मणक्याच्या खाचेत कुंकू राहिलं होतं आणि झेंडूच्या दोन पाकळ्या अडकल्या होत्या.

“आई,” भाग्यश्री म्हणाली, “तुम्ही याची पूजा केलीत?”

सखुबाई पदराने खिळ्याखालची भिंत पुसायला लागल्या.

“मला सकाळपासून चुटपुट लागली होती. आज सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात, माझं हत्यार म्हणजे हेच. पण तुम्हाला कसं सांगू, घरात हाडांची पूजा करा म्हणून. तुम्ही न सांगता केलीत.” तिचे डोळे भरून आले आणि ती सासूच्या पायाशी वाकली.

सखुबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खरं सांगावं असं त्यांना फार वाटत होतं. पण सून इतक्या मनापासून वाकली होती, आणि मणके तर सगळे जागेवर आले होते.

तेवढ्यात भाग्यश्रीचा फोन वाजला. फुलांच्या ऑर्डरी तिच्याच नंबरवर येत असत. तिने फोन कानाला लावला. पलीकडे दिनेशशेठचा आवाज एवढा मोठा की सखुबाईंनाही ऐकू येत होता. सूनबाईंचा मणका आमच्या हारात आला होता, तो सासूबाई घेऊन गेल्या, तो नीट बसला का, तेवढंच विचारायला फोन केला. कारागीर काळजीत आहेत.

भाग्यश्रीने सासूकडे बघितलं. मग कण्याकडे, मग रिकाम्या परातीकडे. सखुबाईंनी आधारासाठी यजमानांकडे बघितलं.

“मी पालथा हाय,” कोंडाजी उशीत तोंड खुपसून म्हणाले. “मला काय दिसत नाय.”

भाग्यश्रीचा खालचा ओठ थरथरला. तो रडण्याने की आणखी कशाने, हे सखुबाईंना ठरवता येईना.

“हो काका, बसला,” ती फोनमध्ये म्हणाली. “आमच्या आईंनीच बसवला. आता मी अगदी ताठ उभी आहे.”

आणि फोन बंद करून ती पोट धरून झेंडूच्या ढिगात कोसळली.